विज्ञानाच्या बातमीवर मत ठोकताना या चुका टाळा

२०२३ सालच्या जुलैअखेरीस मी एक व्हिडिओ ओळखीतल्या झाडून सगळ्या ग्रुपवर टाकला होता. चुंबकाच्या चकतीवर एक काळपट खपली तरंगतेय, बाकी काही नाही. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी एलके-९९ नावाचा पदार्थ बनवलाय आणि नेहमीच्या तापमानालाही त्यातून वीज शून्य रोधाने वाहते, असा दावा होता. असा पदार्थ चुंबकावर तरंगतो, म्हणून तो व्हिडिओ. खाली माझी पदरची ओळ : 'विजेच्या तारांचे दिवस भरले!' महिनाभरात दिवस भरले ते माझ्या ओळीचे. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी तोच पदार्थ करून पाहिला. रोध एकदम घसरत होता तो त्यात मिसळून राहिलेल्या कॉपर सल्फाइडमुळे, कारण साधारण १०४ अंश सेल्सिअसला त्याची आतली रचना बदलते. तरंगण्यामागेही साधंच चुंबकत्व निघालं.

खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटते. तो व्हिडिओ मी दहा वेळा तरी पाहिला असेल. खपलीची एक कड चुंबकाला टेकलेली होती आणि ती दरवेळी मला दिसत होती. 'ही कड का टेकली?' हे विचारायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही.

शाळा सुटली तसं माझं विज्ञानही सुटलं. तरी मतं द्यायची हौस दांडगी, आणि ती सोडावी असंही मला वाटत नाही. पण काही खड्ड्यांत मी स्वतः पडलोय, काहींत इतरांना पडताना पाहिलंय. ते खाली देतो.

'दुप्पट' ऐकून दचकणं

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे शंभर टक्के वाढ! अनेक बायकांनी घाबरून गोळ्या बंद केल्या. मूळ आकडा काय होता? जुन्या गोळ्या घेणाऱ्या दर ७,००० बायकांमागे एकीला गुठळी व्हायची, नव्या गोळ्यांनी दोघींना. म्हणजे सात हजारांत एकीची भर. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. आणि मेख अशी की गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो.

'दुप्पट' हा शब्द खोटा नव्हता, म्हणूनच तो घातक ठरला. 'किती पट' कानावर पडलं की 'कितीतले किती' विचारायचं. बातमीत उत्तर नसेल तर मत खिशात ठेवायचं. मला हे अजूनही दर दोन बातम्यांमागे एकदा विसरायला होतं.

याच्याच कुळातली एक चूक चटकन सांगून टाकतो. कर्करोगावर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, आयएआरसी, पदार्थांचे गट पाडते. पहिल्या गटात तंबाखू आहे, सूर्यप्रकाश आहे आणि २०१५ पासून प्रक्रिया केलेलं मांसही आहे. म्हणून ते खाणं तंबाखूइतकंच वाईट का? नाही. पुरावा किती पक्का आहे, यावर हे गट पडतात. धोका किती मोठा, हे त्यातून कळतच नाही. मोबाइलच्या लहरी २०११ पासून आणि अॅस्पार्टेम २०२३ पासून '२ ब' गटात आहेत. तिथला अर्थ 'शक्यता आहे, पण पुरावा तोकडा' इतकाच.

आकडा बदलला की 'हे शास्त्रज्ञ शब्द फिरवतात' म्हणणं

२०२४ च्या डिसेंबरअखेरीस २०२४ वायआर४ नावाचा लघुग्रह सापडला. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एक टक्क्याच्या आसपास सांगितली गेली, मग वाढत वाढत १८ फेब्रुवारी २०२५ ला ती ३.१ टक्क्यांवर गेली, आणि नंतर आठवड्याभरात जवळजवळ शून्यावर आली. माझ्या ओळखीतल्या एका शहाण्या गृहस्थांनी निकाल देऊन टाकला : "यांनाच काही कळत नाही. आज एक सांगतात, उद्या दुसरं."

कळत नाही ते आपल्याला. किल्ली हरवलीय आणि घरात दहा खोल्या आहेत असं धरा. ती स्वयंपाकघरात असण्याची शक्यता दहात एक. पाच खोल्या धुंडाळून झाल्या, किल्ली नाही. आता स्वयंपाकघराची शक्यता पाचात एक झाली, म्हणजे वाढली. आठ खोल्या झाल्या की दोनात एक. आणि मग नवव्या खोलीत, पलंगाखाली, किल्ली सापडते. शक्यता थेट शून्य. यात कुणी शब्द फिरवला? लघुग्रहाचंही तसंच असतं. सुरुवातीची निरीक्षणं थोडी, त्यामुळे त्या तारखेला तो कुठेकुठे असू शकेल याचा पट्टा लांबलचक असतो. नवी निरीक्षणं येतात तसा पट्टा आखडतो. पृथ्वी अजून त्या पट्ट्यात असेल, तर तिचा वाटा वाढत जातो; पट्टा तिच्यावरून सरकला की संपलं. टक्केवारी चढून मग कोसळणं हा त्या हिशेबाचा स्वभावच आहे. ती ठरावीक काळात हललीच नसती, तर मला जास्त शंका आली असती.

नावाला भुलणं

'आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद ठेवा, पृथ्वीजवळून वैश्विक किरण जाणार आहेत, नासाने सांगितलंय' हा संदेश मला किती वर्षं आणि किती जणांकडून आला, याची मोजदाद सोडून दिलीय. वैश्विक किरणांतून निघणारे म्युऑन नावाचे सूक्ष्म कण समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक, या हिशेबाने दिवसरात्र बरसतात. हे वाचताना तुमच्या तळहातातून बरेच गेलेसुद्धा. त्यांचं आणि मोबाइलच्या बटणाचं काही देणंघेणं नाही.

पण नासा खरी असली तरी प्रश्न संपत नाही. डिसेंबर २०१० मध्ये नासाने मोठी पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलं होतं, की कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जिवाणू जगायला लागणाऱ्या फॉस्फरसच्या जागी विषारी आर्सेनिक वापरतो. २०१२ मध्ये दोन स्वतंत्र तपासण्यांनी ते खोडून काढलं आणि २०२५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाने तो शोधनिबंधच मागे घेतला.

याउलट सप्टेंबर २०११ मधली ऑपेरा प्रयोगाची गोष्ट बघा. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेपासून ७३० किलोमीटरवरच्या, इटलीतल्या ग्रान सासोला न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले, असं त्यांच्या मोजणीत आलं. संशोधकांनी डंका पिटला नाही, 'आमचं कुठे चुकतंय ते तपासा' असं जगाला सांगितलं. शेवटी ऑप्टिकल फायबरची एक जोडणी नीट बसली नव्हती, असं निघालं. तेव्हा मीही हसलो होतो, 'एवढी यंत्रणा आणि वायर सैल!' म्हणून. आज वाटतं, हसू मोनो सरोवराच्या दाव्यावर यायला हवं होतं.

सगळं खापर पत्रकारांवर फोडणं

हे सोपं पडतं. पण २०१४ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने ब्रिटिश विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली. ४० टक्क्यांत सल्ला फुगवलेला होता. प्राण्यांवरच्या प्रयोगावरून माणसाबद्दल वाढवून सांगणारी ३६ टक्के होती. म्हणजे फुगा बऱ्याचदा विद्यापीठातच भरला जातो, वर्तमानपत्र त्याला दोरी बांधतं. 'उंदरांवर' हा शब्द बातमीत शोधा. असलाच तर शेवटून दुसऱ्या परिच्छेदात असेल.

प्रयोगाचा आकडा वीजबिलाला जोडणं

५ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेसरने २.०५ मेगाज्यूल ऊर्जा इंधनाची गोळी ठेवलेल्या लक्ष्यापर्यंत पोचवली आणि अणुकेंद्रांच्या संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल बाहेर पडली. पराक्रम खरा. पण विजेचं एक युनिट ३.६ मेगाज्यूलचं असतं, म्हणजे मिळालं ते एका युनिटहूनही कमी. आणि लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ऐंशीच्या वर युनिटं लागली होती. भागाकार एकच, तोही कागदावर होण्यासारखा.

जिथे बोलायला हवं तिथे गप्प बसणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक, आणि हिच्याबद्दल कुणी बोलत नाही. न्यूट्रिनोच्या वेगावर आपण तावातावाने भांडतो, तिथे आपल्या मताला कवडीची किंमत नसते. चेहरा ओळखणारं यंत्र दारात बसवायचं का, ते चुकलं तर जाब कुणी द्यायचा, असं विचारलं की मात्र 'त्यातलं आपल्याला काय कळतंय' म्हणून मान खाली. अहो, हाच तर आपला प्रांत! २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक फार तर ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. हा आकडा काढायला तज्ज्ञ लागले. तो बघून हे यंत्र चालेल की नाही, हे ठरवायला तज्ज्ञांची परवानगी लागत नाही.

तज्ज्ञही आपली हद्द ओलांडतातच. कृत्रिम बुद्धिमत्तेतले नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये सांगितलं होतं की क्ष-किरणतज्ज्ञ घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्र त्यांच्या पुढे जाईल. त्यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि रुग्णालयांना क्ष-किरणतज्ज्ञ अजूनही हवेच आहेत. यंत्राच्या आतलं, मेंदूच्या धर्तीवरचं कृत्रिम जाळं कसं शिकतं हे त्यांच्याइतकं थोड्यांनाच कळतं. रुग्णालय कसं चालतं, सही कोण करतं, चुकल्यावर नातेवाईक कुणाला धरतात, हे कदाचित तिथल्या कारकुनाला जास्त ठाऊक असतं.

चूक होऊन गेली असेल तर

जिथे पसरवली तिथेच दुरुस्ती टाकायची, तेवढ्याच ठळकपणे. एलके-९९ चं मी उशिरा का होईना केलं. चार ग्रुपवर दोन-दोन ओळी लिहिल्या : मी पाठवलेला दावा टिकला नाही, कारण असं असं. तीन ग्रुपवर कुणी हूं की चूं केलं नाही. चौथ्यावर एकाने विचारलं, "कुठला व्हिडिओ?" मी शोधून पुन्हा पाठवला. त्याने तो लगेच पुढे ढकलला, माझ्या दोन ओळी वगळून.