नवरात्रीसाठी दिवे लागणारं केडियू घरी कसं बनवायचं

बडोद्यात नवरात्र जवळ आली की मंगळबाजारात लाइटवाली चणियाचोळी आणि केडियू (गरब्यात घालतात तो वरचा घेरदार आखूड झगा) लटकलेले दिसतातच, पण त्यातले बरेचसे म्हणजे तयार कपड्यावर वरून अडकवलेली लाइटची माळ आणि खिशात बॅटरीचा डबा, नाचताना वायर टोचते आणि धुवायचं म्हटलं की सगळं उसवावं लागतं. मला वाटतं कपडा आधी कपडा असला पाहिजे, त्यात तीन-चार तास गरबा खेळता आला पाहिजे, घाम आला तरी चाललं पाहिजे, दुसऱ्या दिवशी धुता आला पाहिजे, आणि दिवे हाताच्या हालचालीबरोबर लागले पाहिजेत, उगाच लुकलुकत राहून काय उपयोग. म्हणून इथे आपण केडियूच्या एका बाहीत पाच एलईडी शिवायचे आहेत, हात वर गेला की लागतील आणि खाली आला की विझतील. प्रोग्रामिंग अजिबात नाही.

सामान असं. विद्युतवाहक दोरा, हा बारीक स्टेनलेस स्टीलचा किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनचा मिळतो, ऑनलाइन मागवावा लागतो. यातला स्टीलचाच घ्या, चांदीवाला मऊ असतो आणि शिवायला छान पण घामाने आणि ब्लीचने काळा पडतो आणि मग त्यातून करंट नीट जात नाही. लाल किंवा पिवळे एलईडी पाच, 220 ओमचे रेझिस्टर (करंटला आवर घालणारे) पाच, सीआर 2032 चा बटण सेल, त्याचा झाकणवाला होल्डर, एक टिल्ट स्विच (कलला की चालू-बंद होणारा), धातूची टिच बटणं, मोठ्या नाकाची सुई, पारदर्शक नेलपॉलिश आणि एक स्वस्तातला मल्टिमीटर, म्हणजे करंट जातो का ते तपासायचं यंत्र. मल्टिमीटर टाळू नका, या कामात तो कात्रीइतकाच लागतो.

रंगाबद्दल एक सांगायचं राहिलं, एका सर्किटमध्ये एकाच रंगाचे एलईडी घ्या. लाल आणि पिवळ्याला साधारण 2 व्होल्ट लागतात, निळ्या-पांढऱ्याला 3 च्या आसपास, आणि सेलच 3 व्होल्टचा आहे, त्यामुळे लाल-पिवळे सेल उतरायला लागला तरी बराच वेळ तग धरतात, पांढरे लगेच मंद होतात. 220 ओम लावला की एका एलईडीतून चार-पाच मिलीअँप जातात, पाचांचे मिळून वीस-बावीस, एवढ्याशा सेलसाठी याच्या पुढे जायला नको. आणि खरं सांगायचं तर मोठ्या ग्राउंडवर फ्लडलाइटमध्ये हे फारसं दिसणार नाही, पोळमधल्या (जुन्या वस्तीतल्या), सोसायटीतल्या शेरी गरब्याला, म्हणजे गल्लीतल्या गरब्याला, मात्र मस्त दिसतं.

आता कपडा तपासा, ही पायरी बहुतेक जण गाळतात. केडियूवर जरीचं काम असतं, गोट असतो, टिकल्या, आभले असतात, आणि यातलं काय करंट वाहून नेतं ते नुसतं बघून कळत नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि दोन टोकं जरीवर टेकवा, मधून करंट जात असेल तर बीप वाजतो. खऱ्या जरीत रेशमाच्या दोऱ्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते, त्यामुळे आजीच्या जुन्या शालूचा पदर बहुधा बीप करेल, तांब्यावर मुलामा दिलेली नकली जरही करेल, पण बाजारातल्या स्वस्त कपड्यांवरची प्लास्टिकची चमकी शक्यतो गप्प राहते. जिथे बीप येतो तिथून आपला दोरा लांब ठेवायचा नाहीतर शॉर्ट झालंच समजा, म्हणजे करंट दिव्यांतून न जाता भलत्याच वाटेने जाणार. तसं पाहिलं तर जरीचा हा गुण म्हणजे या सगळ्या विषयाची सुरुवातच आहे, 1997 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी कपड्यातलं सर्किट दाखवलं तेव्हा त्यांनी तांब्याची पट्टी गुंडाळलेल्या रेशमी दोऱ्याचं ऑर्गन्झा कापडच वापरलं होतं.

मग कागदावर बाहीचा आकार काढा. कोपर ते मनगट एवढाच भाग घ्यायचा, दोरा कोपराच्या वळणावरून नेऊ नका, दर टाळीला तिथे घडी पडते आणि स्टीलच्या तारा एक एक करून तुटतात. दोन समांतर रेषा काढा, एक प्लसची एक मायनसची, मध्ये निदान अर्धा इंच अंतर, आणि पाच एलईडी शिडीच्या पायऱ्यांसारखे दोन्ही रेषांच्या मध्ये. होल्डर कोपराजवळ, बाहेरच्या बाजूला. कपड्यावर खडूने उतरवायच्या आधी क्रोकोडाइल क्लिपा लावून टेबलावर सगळं पेटवून बघा.

एलईडीचा लांब पाय प्लस. त्या पायाला रेझिस्टर सोल्डर करून घ्या, मग नोजप्लायरने पुढच्या टोकाची चौकोनी कडी करा आणि आखूड पायाची गोल, म्हणजे शिवताना उलटसुलट होत नाही. स्टीलच्या दोऱ्याला साधं सोल्डर धरत नाही म्हणून दोरा कडीतून तीन-चार वेळा घट्ट ओढून घ्यायचा, ढिला राहिला की नाचताना दिवा लागतो-जातो आणि दोष सेलला देत बसतो आपण. एलईडीचं तोंड वर न ठेवता आडवं, आभल्याकडे करून शिवा. आभल्याच्या कडेच्या टाक्यांच्या अगदी लगत बसवला की उजेड आरशावरून पसरतो, डोळ्यात टोचत नाही, आणि लांबून आभलाच पेटल्यासारखा दिसतो. या सगळ्यात मला सर्वात आवडतं ते हेच.

टाका साधा धावदोरा, बारीक. मशीनवर करायचं असेल तर स्टीलचा दोरा बॉबिनमध्ये आणि वर नेहमीचा दोरा. गाठ मारली की स्टील स्प्रिंगसारखं उलगडतं म्हणून गाठीवर नेलपॉलिशचा थेंब, वाळू द्या, मग शेपूट अगदी जवळून कापा. लोंबणारी शेपटी समोरच्या रेषेला लागली की शॉर्ट. एक रेष पुरी झाली की लगेच बीप करून बघा, दोन रेषांमध्ये बीप यायला नको.

टिल्ट स्विच म्हणजे छोटी नळी, आत एक छर्रा, पाय खाली असले की छर्रा दोन्ही पायांना टेकतो आणि सर्किट पुरं होतं. मागताना छर्र्यावालाच मागा, जुन्या प्रकारात पारा असतो तो कपड्यात नकोच. सेलपासून प्लसची रेष सुरू होते तिथे हा मध्ये शिवायचा, पाय कोपराच्या दिशेने ठेवून. हात खाली लोंबत असेल तेव्हा पाय वर राहतात, दिवे बंद. टाळीसाठी हात वर आला की छर्रा पायांवर येतो आणि दिवे लागतात. दोढियूत (गरब्याच्या एका प्रकारात) जोरात गिरकी घेतली तर छर्रा मनगटाकडे फेकला जाऊन दिवे क्षणभर जातात, त्याची काळजी करू नका, ते दिसायला चांगलंच दिसतं.

होल्डर सरळ बाहीवर शिवू नका. कापडाच्या छोट्या तुकड्यावर शिवा आणि तो तुकडा दोन टिच बटणांनी बाहीला लावा, एक बटण प्लस, एक मायनस, स्टीलच्या दोऱ्याने बटणाच्या भोकांतून घट्ट बांधलेली. धुताना तुकडा काढून ठेवला की झालं. शेवटी सगळ्या रेषांच्या आतून सुती अस्तर लावा, घामात मीठ असतं आणि खारं पाणी करंट वाहून नेतं, शिवाय स्टील अंगाला खाजतं.

चणियाच्या (घागऱ्याच्या) घेरावर हेच करावंसं वाटेल, पण आधी हिशोब करा. स्टीलच्या दोऱ्याचा रोध फुटाला 10 ते 15 ओम धरला तर 4 मीटर घेराला 130 ते 200 ओम होतात, आणि त्यातून 20 मिलीअँप न्यायचे तर नुसत्या दोऱ्यातच अडीच ते 4 व्होल्ट खर्च व्हायला हवेत, सेल तर 3 चाच आणि एलईडीला 2 लागतात. म्हणून घेरावर तीन-चार वेगवेगळी छोटी सर्किटं करा, प्रत्येकाला आपला सेल.

पुढे प्रोग्राम करून पॅटर्न हवे असतील तर लिलीपॅड बघा, लिया ब्यूकली यांनी शिवता येणारा हा बोर्ड तयार केला आणि तो 2007 मध्ये बाजारात आला, फुलासारखा गोल, कडेला दोऱ्यासाठी भोकं. बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीत कपड्यांचा विभागही आहे आणि इंजिनिअरिंगही, दोन्हीकडची एकेक ओळखीची मुलगी मिळाली तर जोडी फार छान जमते.

लिथियम पॉलिमरच्या चपट्या बॅटऱ्या मात्र गरब्याच्या कपड्यात घालू नका, दांडियाचा मार बसला आणि बॅटरी फुटली तर अंगावरच आग. धुताना गार पाणी, हाताने, पिळायचं नाही, सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय सेल लावायचा नाही. आणि घरात लहान मूल असेल तर होल्डरचं झाकण स्क्रूचंच घ्या, बटण सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तशी नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.