झिंक फिंगर: प्रयोगात आणि पेपरात या चुका टाळा

दर रविवारी आमच्या दांडिया बाजारातल्या घरी एमएस्सीची चार-पाच मुलं शंका घेऊन येतात. मागच्या खेपेचा विषय झिंक फिंगर, म्हणजे जस्ताच्या आधाराने घडी टिकवणारा आणि डीएनएला धरणारा प्रोटीनचा बोटासारखा छोटा भाग. तो डीएनएला बांधला जातो का हे एकीने जेलवर बघितलं होतं. तिने मोबाइलवर त्या जेलचा फोटो पुढे केला. "काकू, प्रोटीन घातलंय, तरी बँड वर सरकतच नाही." प्रोटीन बांधलेलं डीएनए जेलमध्ये हळू धावतं, म्हणून त्याची पट्टी (बँड) वर दिसायला हवी. इथे खाली मोकळ्या डीएनएची ठळक पट्टी, वर सगळं कोरं.

मी आधी बफरची, म्हणजे प्रयोगाच्या द्रावणांची, कृती मागितली. पेशी फोडायच्या बफरमध्ये ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन), शिवाय जेल टीबीई या बफरमध्ये चालवलेलं, म्हणजे तिथेही ईडीटीए! साधारण ३० अमिनो आम्लांच्या तुकड्यातले दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू धरून ठेवतात, त्यावर त्या बोटाची घडी टिकते. ईडीटीए नेमकं तेच जस्त ओढून घेतं आणि घडी सुटते. तेव्हा ते दोन्हीकडून काढा, प्रोटीन-डीएनए बांधणीच्या (बाइंडिंग) बफरमध्ये थोडं झिंक क्लोराइड घाला. फॉस्फेट बफर नको, त्यात जस्ताचा साका खाली बसतो. डीटीटी हे रसायन मात्र हात राखून: सिस्टीन शाबूत राहायला ते हवंच, पण जास्त झालं तर तेही जस्त पळवतं.

परीक्षेच्या पेपरात हमखास दिसणारं वाक्य म्हणजे "जस्त डीएनएला चिकटतं". जस्त डीएनएला शिवतही नाही. बोटातलं अल्फा हेलिक्स डीएनएच्या मोठ्या खाचेत बसतं आणि साधारण तीन बेसजोड्या ओळखतं. झिफ२६८ या प्रोटीनला अशी तीन बोटं आहेत. १९९१ साली त्याची डीएनएसकट रचना स्फटिकातून दिसली, ते चित्र एकदा स्वतः काढून बघाच.

झिंक फिंगर म्हणजे जनुक चालू, हाही गैरसमज. बोटं फक्त पत्ता शोधतात. पुढे काय करायचं ते प्रोटीनचा बाकीचा भाग ठरवतो. क्रॅब नावाचा भाग असलेली प्रोटीनं कॅप-१ या दुसऱ्या प्रोटीनला बोलावतात, कॅप-१ हिस्टोनवर (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेलं असतं त्या प्रोटीनांवर) मिथाइलच्या खुणा करणारं एन्झाइम आणतं, आणि जनुक बंद पडतं.

आणि झिंक फिंगरची कल्पना मांडणाऱ्या आरोन क्लुग यांना नोबेल त्याच कल्पनेसाठी मिळालं असं लिहू नका. नोबेल १९८२चं, झिंक फिंगरची कल्पना १९८५ची, झेनोपस बेडकाच्या अंडपेशीतल्या प्रोटीनवरून सुचलेली.

त्या मुलीला आता एक जादा नळी लावायला सांगितलीय: सगळं तसंच, फक्त त्यात मुद्दाम ईडीटीए. बाकीच्या नळ्यांत बँड सरकला आणि या एकीत नाही, तर बांधणी जस्तावरच अवलंबून आहे हे तिच्याच जेलवर दिसेल.