गिटार शिकताना अडतंय कुठे? आधी गिटार बघा, मग बोटं

गिटार आणली, दोन-तीन आठवडे जोरात प्रॅक्टिस झाली आणि मग ती कपाटावर जाऊन बसली, हे मुंबईत घरोघरी दिसतं. कारण विचारलं की उत्तरं ठरलेली, "माझी बोटंच जाड आहेत", "माझ्यात तालच नाही", "आता वय झालं". मी नवशिक्यांना शिकवतो आणि हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण यातलं बहुतेक खरं नसतं. अडचण असते, पण दुसरीकडेच असते, कधी गिटारमध्ये, कधी हात ठेवायच्या पद्धतीत, आणि ती एकदा सापडली की सुटतेच. म्हणून स्वतःला दोष द्यायच्या आधी खालचं करून बघा.

सगळ्यात आधी गिटार तपासा. स्टीलची पट्टी घ्या, जिचा शून्य अगदी कडेपासून सुरू होतो तीच घ्या, आणि बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या कांड्या, डोक्याकडून मोजायच्या) उभी धरून फ्रेट आणि तार यातलं अंतर मोजा. ॲकूस्टिकवर, म्हणजे वीज न लागणाऱ्या पोकळ गिटारवर, जाड सहाव्या तारेखाली साधारण २.५ मिमी आणि बारीक पहिल्या तारेखाली २ मिमीच्या आसपास असेल तर ठीक आहे. ३.५ किंवा ४ मिमी असेल तर मुरलेला वादकसुद्धा थोड्या वेळात हात झटकेल, मग नवीन माणसाचं काय होणार. यालाच ॲक्शन म्हणतात, आणि स्वस्तातल्या नव्या गिटारची ॲक्शन बऱ्याचदा उंचच असते.

दुसरी टेस्ट नटची, म्हणजे डोक्याकडची ती खाचांची पांढरी पट्टी. तार तिसऱ्या फ्रेटच्या किंचित मागे दाबून ठेवा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, तार आणि फ्रेटमध्ये अगदी पातळ कागद जाईल एवढीच फट हवी. जास्त असेल तर नट उंच आहे. अजून सोपं म्हणजे पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून जड जाणारी एखादी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवा, एकदम सोपी वाटली तर बोटांचा काही दोष नाही, नटच्या खाचा घासून खोल करायला हव्यात. हे आणि ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतला धातूचा दांडा, फिरवणं घरी करू नका, दुकानात "सेटअप करून द्या" म्हणा, त्यांना कळतं. धोबी तलावला वाद्यांची जुनी दुकानं आहेत, फुर्टाडोज तर १८६५ पासूनचं, तिथे प्रत्यक्ष हातात घेऊन, वाजवणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला सोबत नेऊन गिटार घेणं मला ऑनलाइनपेक्षा कधीही बरं वाटतं. तारांचा सेट घेताना टेन गेज मागा, म्हणजे पहिली तार ०.०१० इंचाची, बारा गेजपेक्षा बोटांना बराच आराम पडतो. आवाज थोडा बारीक येतो पण सुरुवातीला ते चालतं.

आता मुंबईचा पाऊस. लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के दमट हवा मानवते आणि आपल्याकडे जुलैत ती सहज ८० च्या वर असते, त्यामुळे लाकूड पाणी शोषतं, ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे खाली अडकवलेल्या असतात त्या पट्टीच्या, मागचा भाग फुगतो आणि ॲक्शन हळूहळू वर चढते. मे महिन्यात नीट वाजणारी कॉर्ड जुलैत जड वाटायला लागली तर प्रॅक्टिस कमी पडली असं लगेच समजू नका, परत पट्टी लावून मोजा. पावसाळ्यात गिटार भिंतीला टांगून ठेवू नका, विशेषतः बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीला तर अजिबात नाही. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून बदला. वाजवून झालं की सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसा, घाम आणि दमटपणा मिळून तारा लवकर गंजतात. तारेखालून बोट फिरवल्यावर खरखर लागली की सेट बदलायचा, गंजलेल्या तारेवर बोटं जास्त सोलवटतात आणि ट्यूनिंगही धड राहत नाही.

ट्यूनिंगबद्दल थोडक्यात. जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई. ॲपमध्ये नुसतं अक्षर बघून पिळत राहू नका, सहावी आणि पहिली दोन्ही ई आहेत पण सहावी ८२ हर्ट्झच्या आसपास आणि पहिली ३३० च्या आसपास, चुकीच्या ई कडे ओढत नेली की तार तुटते. तार नेहमी थोडी सैल करून मग वर आणत सुरात लावा, म्हणजे ती टिकते. घरात टीव्ही, मिक्सर, खालून जाणाऱ्या रिक्षा, यात फोनचा माइक गोंधळतो, क्लिपवाला ट्यूनर गिटारची थरथर पकडतो म्हणून तो घ्या.

बोटं दुखणं. हे सगळ्यांना होतं आणि रोज थोडं वाजवलं तर साधारण तीन-चार आठवड्यांत कातडी घट्ट होते. एकदम तासभर बसण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं दिवसातून दोनदा बसा. अंघोळ किंवा भांडी झाल्यावर लगेच वाजवू नका, कातडी मऊ पडलेली असते. डाव्या हाताची नखं अगदी बारीक कापा. पण टोकं दुखणं वेगळं आणि मनगट दुखणं, मुंग्या येणं वेगळं. मनगट दुखलं की तिथेच थांबायचं, आणि राहिलंच नाही तर डॉक्टरला दाखवायचं, "सवय होईल" म्हणून रेटायचं नाही.

बरेच जण गरजेपेक्षा खूप जास्त दाबतात. एक करून बघा, तारेवर बोट नुसतं टेकवा आणि उजव्या हाताने ती छेडत रहा, आवाज थप्प येईल, मग अगदी हळूहळू दाब वाढवा, एका क्षणी सूर स्वच्छ होतो. बस, तेवढाच दाब लागतो. बोट फ्रेटच्या अगदी मागे, जवळजवळ चिकटून असेल तर हा दाब अजून कमी होतो, आणि दोन फ्रेटच्या मधोमध असेल तर तार झणझणते. कॉर्ड खराब वाजली की सगळी परत परत ओढू नका, एकेक तार छेडा, कुठली मुकी आहे ते शोधा. सी कॉर्डमध्ये बहुतेक वेळा पहिली तार मुकी होते कारण तर्जनी आडवी पडून तिला टेकते, मनगट थोडं पुढे काढा, अंगठा मानेच्या मागे खाली सरकवा, बोट कमानीसारखं उभं राहतं आणि तार मोकळी होते. माझ्याकडे एक काकू यायच्या, जाड बोटांमुळे जमत नाही याची त्यांना खात्रीच होती, त्या सोफ्यात रेलून गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या, म्हणजे फ्रेट वरून दिसतील. त्यांना बिनहाताच्या खुर्चीत बसवलं, गिटार सरळ उभी धरायला लावली, उजव्या पायाखाली लाकडी पाट दिला, आणि पहिली तार त्याच बसण्यात वाजली.

कॉर्ड बदलताना गाणं थांबतं, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. कारण आपण प्रत्येक वेळी सगळी बोटं उचलतो आणि नव्याने एकेक शोधत बसतो. आधी कुठलं बोट हलवायचीच गरज नाही ते बघा. ए मायनरवरून सी ला जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागेवरच राहतं, फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. ई वरून ए मायनरला अख्खा आकार तसाच एक तार खाली सरकतो. चार बोटांच्या जी वरून डी ला अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर बसलेली राहते. एका वेळी एकच जोडी घ्या, मोबाईलवर एक मिनिट लावा, त्यात किती स्वच्छ बदल होतात ते मोजा आणि वहीत लिहून ठेवा. चार कॉर्डचं अख्खं गाणं धरून धडपडण्यापेक्षा हे कितीतरी लवकर कामाला येतं.

मग येते एफ कॉर्ड, आणि इथे लोक गिटार सोडतात. एफमध्ये तर्जनीने सहाही तारा सारख्या दाबायच्या असतात असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीची बोटं दाबतातच, तर्जनीला फक्त सहावी, दुसरी आणि पहिली सांभाळायची असते. म्हणून तर्जनी सपाट ठेवू नका, किंचित अंगठ्याच्या बाजूला कलंडवा, ती कड हाडाची असते, तिने तारा बऱ्या दबतात. चिमटा काढल्यासारखा अंगठ्याने जोर लावू नका, कोपर अंगाजवळ घ्या आणि हाताचं वजन मागे येऊ द्या. शिवाय पहिल्या फ्रेटवर सुरुवातच करू नका, तिथे नट जवळ असल्यामुळे तार सगळ्यात कडक लागते. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, ती ए मेजर होते, तिथे जमली की चौथ्यावर, तिसऱ्यावर असं एकेक फ्रेट खाली या. तोपर्यंत गाण्यात छोटी एफ वाजवा, फक्त खालच्या, म्हणजे बारीक बाजूच्या, चार तारांची, कोणाला फरकही कळत नाही.

तालाबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण "माझ्यात ताल नाही" म्हणणारी माणसं आरतीत, भजनात टाळ्या बरोबर देतात, गणपतीत ढोल-ताशावर पाय बरोबर पडतो. ताल आहे, तो हातात कसा उतरवायचा ते कोणी सांगितलेलं नसतं. नेटवर सगळीकडे शिकवतात तो पॅटर्न, डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप, तो केहरव्यावर बसवून बघा. धा गे ना ती, न क धी न, आठ मात्रा. हात घड्याळाच्या लंबकाप्रमाणे प्रत्येक मात्रेला हलतच राहणार, एकीला खाली, दुसरीला वर, कधीही थांबणार नाही. फक्त दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला तारांना स्पर्श करायचा नाही, हात हवेतून जाऊ द्यायचा. आणि पाचवी मात्रा म्हणजे केहरव्याची खालीच की! तबल्यात जिथे वजन हलकं होतं तिथेच गिटारचा हात रिकामा जातो. आधी गिटार न घेता तोंडाने बोल म्हणत मांडीवर हात हलवा, मग सगळ्या तारांवर डावा हात हलकेच टेकवून त्या मुक्या करून वाजवा, कॉर्ड सगळ्यात शेवटी. आपली पुष्कळ भावगीतं दादऱ्यात असतात, सहा मात्रा, धा धी ना, धा ती ना, त्यावर हा पॅटर्न कोंबायला गेलात की सगळं विस्कटतं. तिथे पहिल्या आणि चौथ्या मात्रेला फक्त जाड तार आणि बाकीच्या दोन-दोन मात्रांना बारीक तारांवर हलका स्ट्रोक, एवढं पुरतं.

अजून एक अडचण, जी परदेशी व्हिडिओत कधीच येत नाही. घरी कोणीतरी गाणारं असतं, ते म्हणतं माझी पट्टी काळी चार, आणि गिटारवाला बघत बसतो. पेटीची पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प आणि काळी पाच ए शार्प. म्हणजे काळी एकला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सी च्या घरातल्या कॉर्ड्स, काळी दोनला तिथेच कॅपो ठेवून डी च्या, काळी चारला जी च्या, काळी पाचला तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि पुन्हा जी च्याच. काळी तीनला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून ई च्या, पण त्यात बी कॉर्ड येते, ती एफसारखीच बारची, म्हणजे तर्जनी आडवी ठेवून अनेक तारा दाबायची, तोवर बी सेव्हनने भागवा. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे लावायचा आणि लावल्यावर परत ट्यूनिंग तपासायचं, थोडं वर जातंच.

वाजवता वाजवता गाणं जमत नसेल तर आधी शब्द सोडा, स्ट्रमिंग करत, म्हणजे तारांवरून हात वर-खाली फिरवत, नुसत्या मात्रा मोठ्याने मोजा, मग कोणाशी तरी साध्या गप्पा मारत तेच वाजवा. गप्पांत हात थांबला नाही की मग गाण्याची पहिली ओळ घ्या, तीही चालीशिवाय नुसती बोलत, आणि कॉर्ड कुठल्या अक्षरावर बदलते तिथे पेन्सिलीने खूण करा. रात्री उशिरा बसणार असाल तर ब्रिजजवळ तारांखाली घडी केलेलं फडकं सरकवा आणि पिक (तारा छेडायची प्लास्टिकची चकती) न घेता अंगठ्याने वाजवा, शेजाऱ्यांना काही ऐकू जात नाही आणि डाव्या हाताची प्रॅक्टिस पूर्ण होते.