उन्हाळ्यात रेशमाच्या वेस्टचं खत करून घ्या, पण सोड्याचं पाणी तुतीला घालू नका

मंडळी, एप्रिल-मे मध्ये पारा चढला की आपल्या मराठवाड्यात बरेच जण रेशीम अळ्यांची बॅच घेतच नाहीत, शेड रिकामं पडतं. मग ह्याच दिवसांत जवळच्या रिलिंग युनिटवरचा, म्हणजे कोषातून धागा काढतात तिथला, टाकाऊ माल आणा आणि पावसाच्या आधी खड्डा भरून घ्या.

आधी पाण्याचं सांगतो, कारण चूक तिथंच होते. कोषाच्या धाग्यात २० ते ३० टक्के सेरिसिन असतं, म्हणजे धाग्याला चिकटवून ठेवणारा डिंकच, आणि ते प्रोटीन असल्यामुळे त्यात नत्र भरपूर. कोष गरम पाण्यात शिजवतात तेव्हा त्यातलं थोडं पाण्यात उतरतं, बोटाला बुळबुळीत लागतं. हे पाणी गार करून खड्ड्यावर शिंपडा, बिनधास्त. पण रंगवायच्या आधी धागा साबण-सोड्यात उकळतात ते पाणी वेगळं! त्यात सेरिसिन जास्त असतं म्हणून मी दोन बॅरल तुतीच्या कोपऱ्यात ओतले होते, तर माती वरून पांढरी पडली, पाणी मुरेना आणि पानं पिवळी झाली, तो कोपरा अजून सुधारला नाही. ते पाणी फुकट दिलं तरी आणू नका.

आता प्युपा, म्हणजे कोषातली अळी. ओल्या कोषाच्या वजनात ८० टक्क्यांच्या आसपास प्युपाच असतो, आणि वाळल्यावर त्यात निम्मं प्रोटीन, पाव भाग तेल. ह्या तेलामुळेच तो लगेच वास मारतो, म्हणून आणल्या दिवशीच ताडपत्रीवर पातळ पसरा. बोटात दाबला की कट्‌कन मोडला पाहिजे, मऊ लागला तर अजून ऊन द्या. असा वाळलेला कोंबड्यांच्या, माशांच्या खाद्यात चालतो, पण थोडाच आणि जनावरांच्या डॉक्टरला विचारून, कारण जास्त झाला की अंड्याला वास येतो.

उरलेला खड्ड्यात. तुतीच्या बारीक केलेल्या काड्या, शेण, प्युपा, परत काड्या असे थर द्या, काड्या भरपूर घ्या नाहीतर नत्र वासावाटे उडून जातो, आणि वर चार बोटं माती टाका म्हणजे कुत्री उकरत नाहीत. खड्डा शेडपासून लांबच हवा. पेब्रिन किंवा दुसऱ्या रोगाच्या बॅचमधलं काहीही त्यात नको, ते जाळूनच टाका.

भोक पडलेले आणि डबल (दोन अळ्यांनी मिळून केलेले) कोष मात्र खड्ड्यात घालू नका, ते वेगळे विकले जातात, हार-फुलं करणाऱ्या बायकापण घेतात. आणि हे खत नीट कुजून मातीसारखं झाल्यावरच, पावसाळ्यातल्या छाटणीनंतर तुतीला द्या.