वाडीवर, रानात, बंद घरी: परवडणारा ट्रेल कॅमेरा कसा निवडावा

खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा मेगापिक्सेलचा असतो आणि निवडीसाठी तोच सगळ्यात निरुपयोगी. स्वस्त ट्रेल कॅमेऱ्यातला खरा सेन्सर बहुधा २ ते ८ मेगापिक्सेलचा असतो. उरलेले मेगापिक्सेल सॉफ्टवेअर भरून काढते. त्याने फोटो मोठा होतो, स्पष्ट होत नाही, आणि कार्ड मात्र लवकर भरते. पैसे मोजायचे ते तीन गोष्टींचे: हालचाल झाल्यावर कॅमेरा किती चटकन जागा होतो, काळोखात काय टिपतो, आणि महिनाभर कुणी फिरकले नाही तरी सेल टिकतात का.

आधी जागा ठरवा. जिथे वीज आणि वायफाय आहे त्या घराला ट्रेल कॅमेरा नकोच. साधा वायफाय सीसीटीव्ही स्वस्त पडतो आणि चालू चित्रही दाखवतो. ट्रेल कॅमेरा एरवी झोपलेला असतो, समोरून ऊब हलली की जागा होऊन फोटो काढतो. म्हणून तो विहिरीवरच्या मोटर-केबलसाठी, आंबा-काजूच्या बागेसाठी, कुंपण कोण मोडतेय हे कळण्यासाठी आणि गावाकडच्या वर्षातले दहा महिने बंद असलेल्या घरासाठी.

'वायफाय ट्रेल कॅमेरा' हे शब्द वाचून अनेकांची फसगत होते. हे वायफाय इंटरनेटचे नसते. कॅमेऱ्यापासून दहा-पंधरा मीटरवर उभे राहून, कार्ड न काढता फोनवर फोटो उतरवण्यापुरते ते असते. पुण्या-मुंबईत बसून फोटो हवे असतील तर सिमकार्डचाच कॅमेरा लागतो, आणि तिथे बँड (मोबाइलचे नेटवर्क ज्या लहरींवर चालते ते पट्टे) तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. जिओचे ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालते, एअरटेलचे प्रामुख्याने १, ३, ८ आणि ४० वर, बीएसएनएलचे १ आणि २८ वर. अमेरिकेतून नातेवाईक स्वस्तात घेऊन येतात तो कॅमेरा बहुतेकदा २, ४, १२, १३ या बँडसाठी आणि तिथल्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असतो. इथे त्याचा कॅमेरा चालेल, सिम चालणार नाही. जुना २जीवाला मॉडेलही टाळा. बहुतेक सिमचे कॅमेरे फोटो कंपनीच्या सर्व्हरमार्फत पाठवतात, म्हणून त्या ॲपची मासिक फी किती हे आधी विचारा. आणि ज्या झाडावर कॅमेरा बसणार तिथेच, त्याच उंचीवर, त्याच कंपनीचे सिम फोनमध्ये घालून रेंज बघा. वरच्या सड्यावर दोन काड्या मिळाल्या म्हणून खालच्या वहाळात मिळत नाहीत.

जागे होण्याचा वेळ का महत्त्वाचा, ते हिशेबाने बघा. चालणारा माणूस किंवा बिबट्या सेकंदाला साधारण सव्वा ते दीड मीटर पुढे जातो. कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर, ५० अंशांच्या भिंगाला दिसणारी चौकट जेमतेम २.८ मीटर रुंद. कॅमेरा एक सेकंद उशिरा उठला की निम्मी चौकट पार झालेली असते आणि हाती शेपूट येते. म्हणून अर्ध्या सेकंदाच्या आतला घ्या. हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरचा कोन भिंगाच्या कोनाइतकाच असावा, हेही बघा. '१२० अंश सेन्सर' ही मिरवण्याची गोष्ट नाही. भिंग ५० अंशांचे असेल तर जनावर चौकटीबाहेर असतानाच कॅमेरा उठतो आणि रिकामे फोटो काढत बसतो.

रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांचे, तरंगलांबीवरून, दोन प्रकार आहेत. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर उजेड टाकतात, पण समोरून पाहिले तर मंद लाल ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचे डोळ्याला दिसत नाहीत, त्यांचा पल्ला मात्र कमी. चोर टिपायला ९४०, रानडुकरांसाठी ८५० पुरे. खोक्यावर लिहिलेल्या पल्ल्याच्या निम्म्यावर जनावर ओळखू आले तरी समाधान माना.

आता सेल. सगळ्यात जास्त कॅमेरे इथे 'बिघडतात', आणि ते बिघडलेले नसतात. बहुतेकांत ४ किंवा ८ पेन्सिल (एए) सेल लागतात. दुकानातले साधे अल्कलाइन सेल दिवसा नीट चालतात. रात्री सगळे दिवे एकदम पेटले की व्होल्टेज कोसळते. दिवसाचे फोटो झकास आणि रात्रीचे काळेकुट्ट, किंवा कॅमेरा आपोआप बंद-चालू होतोय, तर आधी सेल बदला. त्यापेक्षा चार्ज होणारे, लवकर न उतरणारे २००० एमएएचचे निकेल मेटल हायड्राइड सेल दोन संच घ्या: एक कॅमेऱ्यात, एक चार्जरवर. ते १.२ व्होल्टचे असल्यामुळे पूर्ण भरूनही पडद्यावर बॅटरी कमी दिसते, घाबरू नका. पण चार सेलवर चालणारे काही स्वस्त कॅमेरे ४.८ व्होल्टवर लवकर मान टाकतात, म्हणून आठ सेलवाला बरा. जुने-नवे सेल एकत्र घालू नका. पेन्सिल सेलच्याच मापाचे ३.७ व्होल्टचे १४५०० लिथियम सेल चुकूनही घालू नका, कॅमेरा जळतो. सौर पट्टी आंब्याच्या दाट सावलीत आणि पावसाळ्यात फारसे काही देत नाही.

कार्ड ३२ जीबी, क्लास १०, नावाजलेल्या कंपनीचे, आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेले. त्याहून मोठे कार्ड काही कॅमेरे वाचतच नाहीत. ५ ते १० हजारांचा कॅमेरा घ्यायचा तर सेल, चार्जर, दोन कार्डे, लोखंडी पेटी आणि कुलूप यांसाठी निम्मे पैसे आणखी बाजूला ठेवा. एकाच्या जागी दोन हलके कॅमेरे घेण्यापेक्षा एक नीट सज्ज केलेला बरा.

परत करण्याची मुदत संपण्याआधी घरीच चाचणी घ्या:

१. तारीख आणि वेळ लावा. चोवीस तासांची वेळ ठेवा, नाहीतर पहाटेचे ४ आणि दुपारचे ४ यांत घोळ होतो.
२. दिवसा ३, ६ आणि १० मीटरवरून कॅमेऱ्यासमोरून आडवे चाला. तुम्ही चौकटीच्या मध्ये आहात की कडेला, ते बघा.
३. हेच अंगणातले दिवे बंद करून रात्री करा. चेहरा ३ मीटरवर पांढराफटक आला तर दिव्यांवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावा. १० मीटरवर नुसती धूसर रेघ आली तर कॅमेरा परत करा.
४. रात्रभर मोकळ्या अंगणाकडे तोंड करून ठेवा. सकाळी शंभर रिकामे फोटो असतील तर संवेदनशीलता उतरवून पुन्हा ठेवा. तरीही तेच झाले तर सेन्सर खराब.

बसवताना तोंड उत्तरेकडे करा. पूर्व-पश्चिमेला केले तर सकाळ-संध्याकाळ ऊन थेट भिंगात शिरते. पायवाटेला काटकोनात नको, ४५ अंशांत तिरपा लावा. जनावर चौकटीत जास्त वेळ राहते. रानडुक्कर, साळिंदर यांच्यासाठी गुडघ्याइतकी उंची, गव्यासाठी साधारण मीटरभर, माणसासाठी अडीच-तीन मीटरवरून खाली झुकवून. समोरचे दोन-तीन मीटर गवत कापा. उन्हात तापून डोलणारे पाते सेन्सरला जनावरच वाटते. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, आणि प्रत्येक ठिकाणी समोरासमोर जोडी, कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात. तुम्हाला फक्त जनावर कोणते ते ओळखायचे आहे, एकच पुरे.

विदर्भातल्या मे महिन्यात भर दुपारी हवा आणि जनावराचे अंग सारखेच तापलेले असते, तेव्हा सेन्सर आंधळा होतो. उन्हाळ्यात संवेदनशीलता वर, थंडीत खाली. व्हिडिओ रात्री १० सेकंदांहून लांब ठेवू नका, दिवे सेल पिऊन टाकतात.

कोकणात मुंग्या पेटीत घर करतात. डासांचे मलम प्लास्टिकवर चोळू नका, त्यातले डीईईटी प्लास्टिक खाते. झाडाची साल तेवढी खरवडून घ्या आणि दारावरचे रबर नीट बसले की नाही बघा. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, पावसाळ्यात दर भेटीला बदला.

कॅमेरा फक्त आपल्या हद्दीत लावा. वनजमिनीत वनखात्याच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. शेजाऱ्याचे अंगण किंवा बायका धुणी धुतात तो पाणवठा चौकटीत येत असेल तर तोंड फिरवा. बिबट्या दिसला तर 'हॅलो फॉरेस्ट'च्या १९२६ वर कळवा, जागेचा पत्ता गावच्या ग्रुपवर टाकू नका. आणि हंगाम संपून कॅमेरा घरी आणला की आधी सेल बाहेर काढा. आत गळलेल्या सेलने संपर्कपट्ट्या गंजल्या, तर पुढच्या वर्षी नवा कॅमेरा घ्यावा लागतो.