जुन्या गायकीचं रीइश्यू निवडताय? आधी तानपुरा ऐका

केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मास्टर दीनानाथ, जितेंद्र अभिषेकीबुवा, आणि आईकडून गोव्याच्या असलेल्या किशोरीताई आमोणकर. गोव्याच्या ह्या गवयांपैकी कुणाचंही नाव सर्च करून बघा, एकाच रेकॉर्डिंगचे चार-पाच रीइश्यू, म्हणजे नव्याने काढलेल्या कॉप्या, समोर येतात. कव्हर वेगळं, साल वेगळं, आणि कान देऊन ऐकलं तर आवाजही वेगळा. एकात केसरबाईंचा आवाज समोर बसून गायल्यासारखा, दुसऱ्यात तोच आवाज कुणीतरी इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. मग कुठली घ्यायची? बहुतेक जण सगळ्यात स्वच्छ ऐकू येते ती घेतात, आणि माझ्या मते गाडी तिथेच चुकते.

स्वच्छ म्हणजे चांगलं नव्हे. जुन्या तबकडीवर खरखर असणारच, शेलॅकच्या रेकॉर्डी होत्या त्या, लाखेत दगडाची पूड घालून बनवलेल्या. ती खरखर काढायची तर सॉफ्टवेअर काय करतं, गाणं सुरू व्हायच्या आधीचा जो नुसता खरखरीचा तुकडा असतो त्याचा नमुना घेतं, आणि मग सगळ्या गाण्यातून त्या नमुन्याशी जुळणारं जे जे सापडेल ते कमी करत जातं. आता विचार करा, गाण्यात सतत चालू असलेला, हळू, न बदलणारा आवाज कुठला? तानपुरा! सॉफ्टवेअरला तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, आणि खरखर ह्यातला फरक कळत नाही, म्हणजे करवंटी काढता काढता खोबरंही गेलं.

म्हणून पहिली टेस्ट हीच. हेडफोन लावा (मोबाईलच्या स्पीकरवर हे काही कळणार नाही) आणि गवयाने एक आवर्तन संपवून श्वास घेतला की त्या फटीत काय ऐकू येतं ते बघा. तानपुरा आणि त्याच्यासोबत थोडी खरखर ऐकू आली तर उत्तम. नुसती खरखर असेल तरी चालेल, कारण कधीकधी मूळ रेकॉर्डिंगमध्येच तानपुरा माइकपासून लांब असायचा. पण आवाज थांबल्या थांबल्या मागचं सगळंच गायब होत असेल, आणि आवाज परत आला की खरखरही त्याच्या मागोमाग परत येत असेल, तर त्या कॉपीवर नॉइज रिडक्शन जरा जास्तच मारलंय. एकदा हे ऐकू यायला लागलं की मग न ऐकल्यासारखं करता येत नाही, आधीच सांगून ठेवतो.

दुसरी खूण म्हणजे आकाराचं, म्हणजे 'आ' लावून गायलेल्या सुराचं शेपूट. केसरबाई-मोगूबाईंच्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीत आकार भरदार, मोकळा, आणि तान संपताना शेवटचा सूर हळूहळू विरत जातो. जास्त साफसफाई केलेल्या कॉपीत तो सूर विरत नाही, मधेच तुटतो किंवा पाण्याखालून आल्यासारखा गुळगुळीत होतो, आणि मागे किणकिण किणकिण असा एक विचित्र आवाज येतो जो कुठल्याही वाद्याचा नाही. स आणि श नीट ऐका, ते बोबडे झालेत का? सारंगीच्या गजाची घासण ऐकू येते का? गवई श्वास घेतो तो? माणूस गातोय हे ह्याच गोष्टींवरून कळतं, आणि सगळ्यात आधी ह्याच जातात.

टिकटिक वेगळी गोष्ट आहे बरं का. चरा गेलेल्या जागी येणारी टिक्-टिक् काढणं सोपं असतं, ती क्षणभराची असते आणि नीट काढली तर गाण्याला काही होत नाही. त्यामुळे टिकटिक काढलेली आणि खरखर ठेवलेली कॉपी दिसली की मी ती आधी घेतो.

आता पट्टी, म्हणजे गवयाचा सा किती उंचीवर आहे ते. ह्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही आणि खरं तर घोळ इथेच जास्त असतो. 78 आरपीएम (मिनिटाला 78 फेरे) हे नाव सगळ्यांना माहीत, पण जुन्या काळी सगळ्या रेकॉर्डी बरोब्बर 78 वर कापलेल्या नसायच्या, कुठे 76 तर कुठे 80. 80 वर कापलेली 78 वर वाजवली तर आवाज पेटीवरच्या एका पट्टीच्या जवळपास निम्म्याने उतरतो, आणि 82-83 वाली असेल तर आख्खी एक पट्टी खाली. काळी चारचा गवई पांढरी पाच मध्ये! नुसती पट्टी उतरत नाही, लयही संथ होते आणि आवाजाचा पोतही जाड होतो. उलट झालं तर बाईंचा आवाज चिरका होतो आणि ताना कार्टूनसारख्या पळतात, आणि लोक म्हणतात बघा काय तयारी होती.

तपासायचं कसं? फोनवर तानपुऱ्याचं ॲप असतंच, नसेल तर घ्या, त्यावर गवयाचा षड्ज (सा) जुळवा. तो कुठल्याच पट्टीवर नीट न बसता दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळत असेल तर शंका घ्या. हा पक्का पुरावा नव्हे, कारण जुन्या पेट्या आजच्या 440 हर्ट्झच्या मापावर लावलेल्या असायच्याच असं नाही, आणि सारंगी-तानपुरा काय कुठेही लावता येतो. पण एकाच गवयाच्या एकाच काळातल्या तीन-चार रेकॉर्डी घेतल्या आणि त्यातली एकच वेगळ्या पट्टीत असेल तर मग त्या कॉपीचा स्पीडच चुकलाय असं बहुतेक धरायला हरकत नाही. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात स्पीड बदलायची सोय आहे, फक्त पिच बदलू नका, स्पीड बदला, म्हणजे लय आणि सूर दोन्ही एकत्र जागेवर येतात.

वेळही बघून घ्या. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन-सव्वातीन मिनिटांची, बारा इंची असेल तर चार-साडेचारच्या आसपास. एका कॉपीत 3:15 आणि दुसऱ्यात तेच पद 2:50 असेल तर एकतर स्पीड चुकलाय नाहीतर शेवट छाटलाय. कितीतरी जुन्या तबकड्यांवर शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगायची, गौहरजानचं "माय नेम इज गौहरजान" तर प्रसिद्धच आहे, अशा घोषणा नवीन कॉपीत सर्रास कापलेल्या असतात. एलपीच्या (नंतर आलेल्या, जास्त वेळ वाजणाऱ्या विनाइल तबकडीच्या) बाबतीत वेगळी चोरी होते, एक बाजू वीस-बावीस मिनिटांची असते आणि संकलनात जागा नाही म्हणून द्रुत रंगात आली असताना फेड-आउट. असलं काही केलेलं असेल तर बाकी आवाज कितीही छान असो, मी ती कॉपी ठेवत नाही.

मोनो आणि स्टिरिओ. जुनं रेकॉर्डिंग मोनो आहे, एकच माइक, दोन्ही कानांना एकच आवाज. पण स्टिरिओचं वेड आलं तेव्हा मोनो रेकॉर्डिंगला खोटं स्टिरिओ करायची पद्धत निघाली, म्हणजे एका कानाला जरा बास जास्त, दुसऱ्याला ट्रेबल जास्त, वर थोडा घुमारा. हेडफोनवर ऐकलं की आवाज कपाळाच्या मध्यभागी न येता भुतासारखा इकडेतिकडे पसरतो. ओळखायची एक मस्त युक्ती आहे. फाइल ऑडॅसिटीत उघडा, डावा आणि उजवा ट्रॅक वेगळे करून दोन्ही मोनो करा, एकाला इन्व्हर्ट करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. खरा मोनो असेल तर पूर्ण शांतता. तबकडीवरून स्टिरिओ सुईने उतरवलेलं असेल तर गाणं गायब होतं (किंवा अगदी पुसट राहतं) आणि मागे राहते नुसती खरखर, गंमत वाटते ऐकायला. पण गाणंच बऱ्यापैकी ऐकू येत राहिलं तर कुणीतरी त्यात घुमारा किंवा खोटं स्टिरिओ घातलंय.

आणि ह्याचाच एक फायदा घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओचं बटण असतं, अँड्रॉइडमध्येही आणि आयफोनमध्येही. तबकडीवरून केलेली कॉपी ऐकताना ते चालू करा. गाणं दोन्ही बाजूंना सारखं असतं म्हणून ते तसंच राहतं, खरखरीतला बराच भाग मात्र दोन्ही बाजूंना वेगळा असतो, त्यामुळे तो कमी होतो. एक पैसा खर्च न करता आणि तानपुऱ्याला धक्का न लावता झालेली साफसफाई आहे ही.

झंकार बीट्सवाल्या कॉप्यांबद्दल मी काही बोलणार नाही.

मोठ्या आवाजाला फसू नका हेही सांगायला हवं. दोन कॉप्या लागोपाठ ऐकल्या तर जी जरा मोठी वाजते तीच आपल्याला चांगली वाटते, कानाचा स्वभावच तसा आहे, आणि नवीन रीमास्टर करणाऱ्यांना हे बरोबर माहीत असतं. म्हणून आधी दोघींचा आवाज हाताने सारखा करा आणि मग ठरवा. ख्यालात सुरुवातीचा आलाप हळू आणि शेवटच्या ताना दणदणीत असा चढ असायलाच हवा. फाइल ऑडॅसिटीत उघडल्यावर पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची वीट दिसत असेल तर तो चढ मारून टाकलाय. समेवर डग्ग्याचा घुमका पडतो तेव्हा गवयाचा आवाज क्षणभर दबतो का तेही ऐका, दबत असेल तर तेच कारण.

ह्या सगळ्याच्या मुळाशी प्रश्न एकच, कॉपी कशावरून केली? मूळ तबकडी, तिच्यावरून कधीतरी केलेली टेप, टेपवरून एलपी, मग कॅसेट, मग सीडी, आणि सीडीवरून स्ट्रीमिंग, असा प्रवास झालेला असू शकतो आणि प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं गळत जातं. "डिजिटली रीमास्टर्ड" ह्या शिक्क्यावरून ह्यातलं काहीच कळत नाही. केसरबाईंचंच बघा. त्यांची 'जात कहां हो' ही भैरवी 1977 ला नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेली हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्या तबकडीचं 2017 ला ओझ्मा रेकॉर्ड्सने विनाइल आणि सीडीवर सुंदर रीइश्यू काढलं, तेही त्या प्रकल्पाच्या मास्टर टेपवरून. पण ती मास्टर टेप 1977 ला जोडलेली, केसरबाईंचं गाणं त्यावर आलं तेच आधीच्या रेकॉर्डवरून. म्हणजे कॉपी उत्तम, पण कॉपीचीच. एखाद्या हौशी संग्राहकाने चांगल्या अवस्थेतल्या तबकडीवरून योग्य सुई लावून काळजीने उतरवलेलं गाणं अशा वेळी अधिकृत कॉपीलाही मागे टाकू शकतं. संग्राहक तबकडीचा नंबर, स्पीड, सुई असं लिहून ठेवतो. असं लिहिलेलं दिसलं की अर्धं काम झालं.

फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता साठवणारी फाइल) आहे म्हणून हुरळून जाऊ नका. एमपीथ्रीवरून फ्लॅक बनवलेल्या ढीगभर फाइली फिरत असतात. स्पेक नावाचं फुकट ॲप आवाजाचा नकाशा दाखवतं, 16 हजार हर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली तर ती मुळात कमी बिटरेटची एमपीथ्री असणार. आता कुणी म्हणेल की 78 च्या तबकडीवर एवढ्या वरचं गाणं नसतंच. बरोबर आहे, माइक यायच्या आधीच्या, भोंग्यात तोंड घालून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तर दोन-अडीच हजारांच्या वर फारसं काही नाही. पण खरखर वरपर्यंत असते ना! तीच कापलेली दिसते.

शेवटी गोव्यातल्यांसाठी. चवथीच्या आधी घर झाडायला काढलं की माळ्यावरून जुन्या रेकॉर्डी निघतात आणि भंगारवाल्याकडे जातात, कृपा करून तसं करू नका. पावसाळ्यात आपल्याकडे बुरशी धरणारच, कव्हरला आधी आणि मग तबकडीला. विनाइल असेल तर डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने परत पुसून सावलीत उभी वाळवायची. जड, ठिसूळ, 78 ची शेलॅक असेल तर स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही लावू नका, शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं आणि खाच कायमची जाते. ठेवताना उभ्या ठेवा, आडव्या थप्पीने वाकतात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या पावसात मधे मधे बदला.

आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनवर जुन्याच पिना लावून ह्या वाजवायच्या नाहीत, स्टीलची पिन एका बाजूपुरतीच असते, बोथट झाली की खाच खरवडते. एलपीच्या सुईनेही नको, ती 78 च्या रुंद खाचेत तळाशी घासत जाते आणि खरखर दुप्पट ऐकू येते. 78 साठी तीन मिलची, म्हणजे साधारण 75 मायक्रॉनची सुई वेगळी मिळते, बऱ्याच कार्ट्रिजना (सुई जिच्यात बसते ती डबी) बदलून लावता येते. आणि उतरवलेल्या फाइलची एक कॉपी काहीही साफ न करता तशीच ठेवा, नावात तबकडीचा नंबर आणि स्पीड लिहून, साफसफाई करायची ती दुसऱ्या कॉपीवर.