मोठेपणी इंग्रजीतून शिकायची लाज वाटते? निदान या चुका तरी टाळा

सदतिसाव्या वर्षी मी लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. एरंडोलहून जळगावला रोज एसटीने जायचं. त्याआधी अकरा वर्षं एका दवाखान्यात रक्ताचे नमुने घेतले होते, त्यामुळे काम हातात बसलेलं होतं. पुस्तकं मात्र सगळी इंग्रजी.

तिसऱ्याच आठवड्यात सरांनी एक ट्यूब वर धरली. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पातळ पाणी, लालसर दिसत होतं. "व्हाय?" सरांनी विचारलं. मला उत्तर पाठ होतं. सुई बारीक असली, रक्त जोरात ओढलं किंवा ट्यूब ताक घुसळल्यासारखी हलवली, की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग सीरममध्ये उतरतो. असा नमुना तपासला तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. सगळं माहीत होतं, पण तोंड उघडेना. पुढच्या बाकावरची एकोणीस वर्षांची पोर म्हणाली, "जॉन्डिस, सर." अगं, काविळीत सीरम पिवळं होतं! हे मी मनातल्या मनात म्हटलं आणि वहीत डोकं घातलं.

डिप्लोमा झाला. आता दर रविवारी माझ्या ओट्यावर चार-पाच जण बसतात: एक अंगणवाडी मदतनीस, रावेरकडचा एक केळीवाला, नर्सिंगला गेलेल्या दोघी. त्यांच्या चुका बघते तेव्हा माझ्याच जुन्या चुका आठवतात.

पहिली चूक: ही लाज इंग्रजीची आहे असं समजणं

माझी लाज चौथीतली आहे. "बाई, माले पानी पेवानं शे," असं मी म्हणाले आणि वर्ग फिदीफिदी हसला. बाई म्हणाल्या, "शुद्ध बोल." त्या दिवसापासून बोलायच्या आधी वाक्य मनात तपासून घ्यायची सवय लागली. इंग्रजीच्या वर्गात तीच सवय माझा गळा धरून बसली होती.

आपल्याकडे खानदेशात घरात अहिराणी, नाहीतर लेवा बोली, नंदुरबारकडे भिली-पावरी. शाळेत प्रमाण मराठी. 2011 च्या जनगणनेत खानदेशीची (अहिराणी तिच्यातच धरतात) वेगळी नोंद आहे, आकडा साडेअठरा लाखांच्या वर. म्हणजे आपल्यातल्या कित्येकांची दुसरी भाषा मराठीच आहे. 'डोया'चा 'डोळा' आणि 'काया'चा 'काळा' करायला आपण शिकलोच ना? इंग्रजी तिसरी आहे. एक भाषा मोठ्या कष्टाने शिकून झालेल्या माणसाने "मला भाषा जमत नाही" म्हणावं, हे मला पटत नाही.

उपाय साधा आहे. कोण हसलं होतं, कधी, कोणत्या शब्दाला, ते एकदा कागदावर लिहून काढा. आमच्या ओट्यावर पहिल्या रविवारी हेच करतो आणि तेही अहिराणीत. रडू येतं, मग हसू येतं. (जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच विद्यापीठाच्या पेपरला आपण घरच्या बोलीची लाज बाळगून बसतो. असो.)

"आधी पक्कं येऊ दे, मग बोलेन"

हे म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पोहायला शिकणं. 1986 मध्ये ईलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि जोॲन कोप यांनी वर्गात परकी भाषा शिकणाऱ्यांच्या भीतीवर 33 विधानांची प्रश्नावली तयार केली. ही भीती तीन धाग्यांची आहे असं त्यांनी मांडलं: बोलण्याची भीती, परीक्षेची भीती आणि लोक आपल्याला कमी लेखतील ही भीती. या तिसऱ्या धाग्याला आपल्याकडे 'लोके काय म्हनतीन' म्हणतात. तिन्हींचा इलाज एक नाही. परीक्षेची भीती जुने पेपर सोडवून कमी होते. लोकांची भीती एकट्याने कितीही वाचलं तरी कमी होत नाही, त्यासाठी कुणासमोर तरी चुकावंच लागतं.

चुकायला माणूस चुकीचा निवडणं

इंग्रजी मीडियममधला भाचा हा सर्वांत वाईट मास्तर. तो चांगला मुलगा आहे, पण हसतो. मी 'स्पेसिमेन' म्हणताना जोर शेवटी द्यायचे. त्याने ते घरभर करून दाखवलं आणि मी दोन महिने तो शब्दच टाळला. लॅबमध्ये काम करून 'स्पेसिमेन' टाळायचं म्हणजे काय कसरत असते ते विचारू नका.

तुमच्याइतकंच येणारा, तुमच्यासारखाच बिचकणारा जोडीदार शोधा. रोज पाच मिनिटं फोनवर बोला. विषय ठरलेला: आज काय काम केलं. तोही मिळत नसेल तर मोबाइलमध्ये स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि आठवड्याने ऐका. त्याच दिवशी ऐकू नका, नुसती लाज वाटेल.

दोन-दोन भाषांतरं करणं

ही चूक आपल्या भागाची खास. मनात येतं अहिराणीत, मग आपण त्याची शुद्ध मराठी करतो, मग मराठीची इंग्रजी. तोवर सर पुढच्या धड्यावर. मधला थांबा काढून टाका. 'ती जाई राहिनी' हे सरळ 'शी इज गोइंग'ला जोडा. चालू असलेली क्रिया दोन्हीकडे दोन तुकड्यांत सांगितलेली आहे.

एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. आपण 'मला'ने, अहिराणीत 'माले'ने, वाक्यं सुरू करतो: मला समजलं, मला भूक लागली, मला आठवत नाही. इंग्रजीत या सगळ्या जागी 'मी' येतो: आय अंडरस्टूड, आय ॲम हंग्री, आय डोन्ट रिमेंबर. रविवारच्या मंडळींना मी 'मला'ची वीस वाक्यं लिहायला लावते आणि प्रत्येकात 'आय' बसवून घेते. दुसरं, मराठीत 'माझं गाव एरंडोल' म्हणून थांबता येतं; इंग्रजीत 'इज' लागतोच. अहिराणीतला 'शे' (म्हणजे 'आहे') म्हणायची सवय असेल तर तो 'शे' गिळू नका, त्याच्याच जागी 'इज' येतो.

प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडणं

एका पानावर चाळीस शब्द अडले की माणूस पुस्तकच मिटतो. तोच विषय आधी मराठीत वाचा किंवा कुणाकडून समजून घ्या, मग इंग्रजी पान. अर्धं पान आपोआप कळतं. जे शब्द पुन्हा पुन्हा येतात तेवढेच वहीत. आणि तुम्हाला काहीच येत नाही असं समजू नका. ईडीटीएची जांभळ्या टोपीची ट्यूब, फ्लोराइडची करड्या टोपीची, हे मी डिप्लोमाच्या आधीपासून बोलत होते. केळीवाल्याला टिश्यू कल्चर, जी नाइन ही केळीची जात, सिगाटोका हा पानांचा रोग, ड्रिप सगळं तोंडपाठ आहे, तरी तो म्हणतो, "ताई, मला इंग्रजीचा गंध नाही."

उच्चार नुसता देवनागरीत उतरवून घेणं

सुरुवातीला चालतं, पण देवनागरीत जोर दिसत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. जोर चुकला की अक्षरं बरोबर असूनही समोरचा "व्हॉट?" म्हणतो आणि आपण खचतो. शब्द लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. इंग्रज साहेबासारखा सूर काढायची मात्र गरज नाही, तो उसना सूरच जास्त हास्यास्पद वाटतो.

"समजलं?" म्हटलं की मान हलवणं

तीन वाक्यं पाठ करून ठेवा: "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?", "कॅन यू गिव्ह ॲन एक्झाम्पल?" आणि "आय नो धिस इन मराठी, कॅन आय एक्सप्लेन?" तिसरं वाक्य मला लालसर सीरमच्या दिवशी येत असतं तर! परवानगी मागितली की बहुतेक शिक्षक "सांगा" म्हणतात. मी विचारलंच नव्हतं.

"आता वय झालं"

कॅथरीन स्नो आणि मारियान हुफनागेल-होले यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांत पहिल्या काही महिन्यांत लहान मुलांपेक्षा मोठी मुलं आणि प्रौढच पुढे होते. उच्चारात पोरं पुढे जातात, जाऊ द्या.

गेल्या हंगामात केळीवाल्याने निर्यातीच्या व्यापाऱ्याला पहिल्यांदा स्वतःहून व्हॉइस मेसेज पाठवला. फणीला इंग्रजीत 'हँड' म्हणतात हे कळल्यापासून तो खूश होता. "सर, बंच गुड, बट फोर हँड्स डॅमेज." पलीकडून लगेच उत्तर आलं: तेरा किलोचे किती बॉक्स भरतील? त्याने आकडा सांगितला, सौदा पुढे सरकला, आणि मग त्याने मला फोन केला. आवाज पडलेला.

"ताई, 'आर' राही गया ना."